फोटो नेत्याचा, पैसा पालिकेचा? जाहिरातींचा खर्च आणि जुन्या कारभाराचा हिशेब नागरिकांना कसा मागता येतो

चौकात फ्लेक्स लागतो. 'कार्यसम्राट' नगरसेवकाच्या प्रयत्नातून रस्त्याचे काँक्रिटीकरण, असा मजकूर असतो. बाजूला हात जोडलेला मोठा फोटो, खाली कार्यकर्त्यांच्या लहान फोटोंची रांग. कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो आणि विचारतो, 'हा रस्ता यांच्या खिशातून झाला का?' दुसरा जण त्याच नेत्यावरच्या जुन्या गुन्ह्याची बातमी शोधून टाकतो. दोन दिवस वाद होतो, मग विषय मागे पडतो.

खरे तर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच प्रमाणात सरकारी कागदांमध्ये असतात. जाहिरातीवर झालेला सार्वजनिक खर्च मागता येतो. निवडणूक लढवताना उमेदवाराने स्वतःबद्दल काय लिहून दिले, तेही पाहता येते. त्यासाठी कोणता कायदा आहे, अर्ज कुठे करायचा आणि सोशल मीडियावर लिहिताना कोणती काळजी घ्यायची, याची ही माहिती.

आधी हे ओळखा: फलकाचा पैसा कुणाचा?

रस्त्यावर दिसणारा नेत्याचा प्रत्येक फोटो सरकारी खर्चाचा नसतो. ढोबळमानाने तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाबाबत विचारायचा प्रश्न वेगळा असतो.

१. नेत्याने किंवा पक्षाने स्वतः लावलेला फलक. वाढदिवस, सणाच्या शुभेच्छा, नियुक्तीबद्दल अभिनंदन हे बहुतेक या प्रकारात मोडतात. येथे प्रश्न परवानगीचा आणि शुल्काचा असतो: फलकाला पालिकेची परवानगी होती का, शुल्क भरले का, मुदत संपल्यावर तो काढला का?

२. पालिका, जिल्हा परिषद किंवा राज्य सरकारच्या पैशातून दिलेली जाहिरात. वर्तमानपत्रातील पानभर जाहिरात, बसथांब्यावरील फलक, भूमिपूजनाच्या कार्यक्रमाचे होर्डिंग, प्रकल्पाचा व्हिडिओ, हे सारे यात येऊ शकते. येथे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम लागू होतात.

३. 'शुभेच्छुक' म्हणून तिसऱ्याच व्यक्तीने लावलेला फलक. शुभेच्छुक पालिकेचा ठेकेदार असेल, तर त्याला मिळालेली कामे आणि त्या नेत्याची भूमिका यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न उभा राहतो. मात्र केवळ फलकावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही, कामांची कागदपत्रे पाहावी लागतात.

याशिवाय एक चौथा, अधिक सवयीचा प्रकार आहे. बाक, कचऱ्याचे डबे, कापडी पिशव्या, दिशादर्शक पाट्या आणि प्रवेशद्वाराच्या कमानी यांवर छापलेले नेत्याचे नाव. वस्तू सार्वजनिक निधीतून घेतली जाते, त्यामुळे तिच्यावरचे नावही सार्वजनिक पैशानेच छापलेले असते. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातील कामांची 'स' यादी असते. अशा यादीतून झालेल्या किरकोळ खरेदीवर पुण्यात अनेक वर्षे चर्चा होत आली आहे.

सरकारी जाहिरातीबद्दल सर्वोच्च न्यायालय काय म्हणते?

'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी निकाल दिला. त्याआधी न्यायालयाने प्रा. एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली होती. समितीने सुचवलेली बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने स्वीकारली. संसदेने स्वतंत्र कायदा करेपर्यंत ही तत्त्वे लागू राहतील, असे ठरले.

त्यांचा गाभा पाच मुद्द्यांत सांगता येतो:

- जाहिरातीचा विषय सरकारच्या कामाशी आणि जबाबदारीशी संबंधित असावा.
- मजकूर वस्तुनिष्ठ आणि समतोल असावा, जाहिरात कोणत्या हेतूने दिली ते स्पष्ट असावे.
- सत्ताधारी पक्षाचे राजकीय हित साधण्यासाठी जाहिरात वापरू नये.
- खर्च समर्थनीय असावा, पैसे वाजवी रीतीने वापरलेले असावेत.
- जाहिरातीने इतर कायदे आणि निवडणुकीचे नियम पाळावेत.

सरकारी जाहिरातीत पक्षाचे नाव, चिन्ह किंवा झेंडा वापरू नये, विरोधकांवर टीका करू नये, हेही त्यात आहे.

स्थानिक पातळीवर महत्त्वाच्या दोन गोष्टी यात आहेत. पहिली, ही तत्त्वे केवळ केंद्र आणि राज्य सरकारला लागू नाहीत. सार्वजनिक उपक्रम, स्थानिक स्वराज्य संस्था आणि कायद्याने स्थापन झालेल्या स्वायत्त संस्थाही त्यांच्या कक्षेत येतात. दुसरी, 'जाहिरात' म्हणजे फक्त वर्तमानपत्रातील जाहिरात नव्हे. टीव्ही, रेडिओ, इंटरनेट, चित्रपटगृहे आणि रस्त्यावरील फलकही त्यात मोडतात. निविदा, नोकरभरती अशा छोट्या वर्गीकृत जाहिराती मात्र यातून वगळल्या आहेत.

फोटो कुणाचे चालतात?

२०१५ च्या निकालात फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो वापरण्यास परवानगी होती. त्यावर केंद्र आणि काही राज्यांनी फेरविचाराची मागणी केली. १८ मार्च २०१६ रोजी न्यायालयाने नियम सैल केला. पंतप्रधानांऐवजी संबंधित खात्याच्या मंत्र्यांचा, तसेच राज्यात राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित खात्याच्या मंत्र्यांचा फोटो वापरण्यास मुभा मिळाली.

या यादीत नगरसेवक नाही, स्थायी समितीचा अध्यक्ष नाही आणि आमदारही केवळ आमदार म्हणून नाही. त्यामुळे पालिकेच्या पैशातून दिलेल्या जाहिरातीत स्थानिक नेत्याचा फोटो असेल, तर 'हा फोटो कोणत्या आधारावर छापला?' हा प्रश्न विचारण्याला भक्कम आधार आहे.

न्यायालयाने समितीच्या सगळ्याच सूचना मात्र मान्य केल्या नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर सरकारी जाहिरातींवर पूर्ण बंदी घालण्याची सूचना होती, जाहिरात खर्चाचे स्वतंत्र लेखापरीक्षण करण्याचीही होती. या दोन्ही स्वीकारल्या गेल्या नाहीत. म्हणूनच आचारसंहिता लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जाहिरातींचा पाऊस पडलेला दिसतो.

नियम मोडला तर? दिल्लीचे उदाहरण

न्यायालयाच्या आदेशानुसार केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये सरकारी जाहिरातींच्या मजकुरावर लक्ष ठेवणारी तीन सदस्यांची समिती नेमली. माजी मुख्य निवडणूक आयुक्त बी. बी. टंडन तिचे अध्यक्ष होते. राज्यांनीही अशा समित्या नेमाव्यात, असे अपेक्षित होते. गोवा आणि कर्नाटक यांसारख्या काही राज्यांनी त्या नेमल्या.

या समितीसमोर दिल्लीतील आम आदमी पक्षाच्या सरकारच्या जाहिरातींचे प्रकरण आले. सप्टेंबर २०१६ मध्ये समितीने काही जाहिराती नियमांविरुद्ध असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्यांचा खर्च पक्षाकडून वसूल करावा, असे सांगितले. मार्च २०१७ मध्ये तत्कालीन नायब राज्यपाल अनिल बैजल यांनी सुमारे ९७ कोटी रुपयांच्या वसुलीचे निर्देश दिले. पैसे वसूल झाले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या माहिती व प्रसिद्धी संचालनालयाने पक्षाला १६३.६२ कोटी रुपयांची नोटीस दिली. त्यात मूळ रक्कम ९९.३१ कोटी होती, उरलेले व्याज. पक्षाने ही कारवाई राजकीय हेतूने होत असल्याचे म्हटले आणि नायब राज्यपालांच्या अधिकारालाच आव्हान दिले.

या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. नियम मोडल्याचा खर्च पक्षावर टाकता येतो, हे तत्त्व कागदावर आहे. पण निष्कर्षापासून वसुलीपर्यंतचा रस्ता फार लांब आहे.

याच समितीचे आणखी एक प्रकरण मुंबईशी जोडलेले आहे. १६ जुलै २०२० रोजी दिल्ली सरकारच्या शिक्षण खात्याची पानभर जाहिरात मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून आली. दिल्लीतील शिक्षणाची जाहिरात मुंबईत कशासाठी, असा प्रश्न सोशल मीडियावर विचारला गेला. त्या चर्चेची समितीने स्वतःहून दखल घेतली आणि दिल्ली सरकारला नोटीस पाठवली. जाहिरातीवर किती खर्च झाला, दिल्लीबाहेरच्या आवृत्त्यांत ती का दिली आणि ती न्यायालयाच्या तत्त्वांत कशी बसते, अशी विचारणा त्यात होती. सामान्य माणसाने विचारलेला नेमका प्रश्न अधिकृत चौकशीचा भाग होऊ शकतो, याचे हे उदाहरण.

आपल्या पालिकेचा जाहिरात खर्च कुठे सापडतो?

पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात जनसंपर्क, प्रसिद्धी, जाहिरात, समारंभ अशा नावांची लेखाशीर्षे असतात. पहिली पायरी म्हणजे ही पाने पाहणे. अनेक महापालिकांची अंदाजपत्रके त्यांच्या संकेतस्थळावर असतात. मात्र सगळा खर्च या शीर्षांतच असेल असे नाही. रस्त्याच्या किंवा उद्यानाच्या कामाच्या खर्चातच उद्‌घाटनाचा मंडप, फलक आणि कोनशिला यांचा खर्च धरलेला असू शकतो. त्यामुळे त्या कामाचे अंदाजपत्रक आणि अंतिम देयकही पाहावे लागते.

खासदार निधीतील कामांवर निधीचे नाव आणि कामाचा तपशील सांगणारा फलक लावण्याची नियमातच तरतूद आहे. तिचा उद्देश नागरिकाला खर्च कळावा हा आहे. काम कोणत्या निधीतून झाले, मंजूर रक्कम किती, ठेकेदार कोण आणि काम कधी पूर्ण झाले, एवढे फलकावर असेल तर तो माहितीचा फलक. यातले काहीच नाही आणि फक्त नाव-फोटो आहे, तर तो प्रचाराचा फलक. हा फरक लक्षात ठेवला की प्रश्न विचारणे सोपे जाते.

माहिती अधिकाराचा अर्ज: काय मागायचे?

महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज देता येतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत असावा. राज्य सरकारच्या आरटीआय संकेतस्थळावर ऑनलाइन अर्जाची सोय आहे. आपले कार्यालय त्या यादीत नसेल, तर अर्ज प्रत्यक्ष किंवा टपालाने द्यावा लागतो.

अर्जात 'का' विचारण्यापेक्षा कागद मागावेत. 'नगरसेवकांनी जनतेचा पैसा का उधळला?' या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधील नाही. त्याच्याकडे असलेला कागद मागितला, तर त्याला तो द्यावा लागतो किंवा नाकारण्याचे कायदेशीर कारण लिहावे लागते. उदाहरणार्थ:

- अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पालिकेने दिलेल्या जाहिरातींची यादी: माध्यम, तारीख, आकार, रक्कम.
- अमुक जाहिरातीच्या मंजुरीची टिप्पणी, कार्यादेश आणि देयकाची प्रत.
- जाहिरातीच्या मजकुराला आणि छायाचित्राला मान्यता देणाऱ्या टिप्पणीची प्रत.
- अमुक कामाच्या उद्‌घाटन समारंभावर झालेल्या खर्चाची देयके.
- अमुक चौकातील फलकाची परवानगी, भरलेले शुल्क आणि मुदत दाखवणारे कागद.

कालावधी छोटा ठेवावा. 'गेल्या दहा वर्षांचा सर्व खर्च' असे मागितले, तर माहिती मोठ्या प्रमाणावर विखुरलेली आहे, असे उत्तर येण्याची शक्यता वाढते. एका आर्थिक वर्षापासून सुरुवात करणे बरे.

पुढचे वेळापत्रक असे:

- अर्जाला ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा.
- उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर ३० दिवसांत पहिले अपील. त्यावर ३० दिवसांत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो.
- त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील.
- विनाकारण माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसऱ्या अपिलाची सुनावणी अनेकदा लांबते. म्हणून पहिला अर्जच नेमका लिहिणे महत्त्वाचे.

'वैयक्तिक माहिती आहे' असे सांगून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील या कलमात बदल केला आहे. पण पालिकेच्या तिजोरीतून दिलेले देयक ही कुणाची खासगी बाब नसते. शिवाय व्यापक जनहित असेल, तर अपवादात बसणारी माहितीही देता येते, असे सांगणारे कलम ८(२) कायम आहे. अपिलात त्याचा उल्लेख करावा.

खेड्यात हाच प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. प्रश्न लेखी द्यावा आणि त्याची नोंद इतिवृत्तात घेण्याचा आग्रह धरावा.

बेकायदा फ्लेक्स: तक्रार कुठे?

परवानगीशिवाय लावलेला फलक हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करण्याच्या १९९५ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महापालिका कायद्यातही आकाशचिन्हे आणि जाहिरातींवर नियंत्रणाच्या तरतुदी आहेत.

सातारा येथील सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांबाबत सविस्तर निर्देश दिले. राजकीय पक्षांनीही आपण बेकायदा फलक लावणार नाही, अशी हमी न्यायालयाला दिली होती. तरीही फलक लागतच राहिल्याने हा विषय पुन्हा पुन्हा न्यायालयासमोर येत राहिला.

तक्रार करताना फलकाचा फोटो, नेमके ठिकाण, तारीख आणि फलकावर परवानगी क्रमांक आहे की नाही, हे द्यावे. ती पालिकेच्या परवाना किंवा आकाशचिन्ह विभागाकडे करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. कारवाई झाली नाही, तर तोच क्रमांक लिहून 'या तक्रारीवर काय कार्यवाही केली' याची कागदपत्रे माहिती अधिकारात मागता येतात.

जुना कारभार: प्रतिज्ञापत्र काय सांगते?

उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ च्या निकालात मान्य केले. 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या संस्थेचे हे प्रकरण होते. त्यानंतर संसदेने हा हक्क आकसणारी दुरुस्ती केली. १३ मार्च २००३ च्या निकालाने न्यायालयाने ती रद्द केली. उमेदवाराने अर्जासोबत द्यायचे प्रतिज्ञापत्र तेव्हापासून रुळले.

आमदार आणि खासदार यांची प्रतिज्ञापत्रे भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ही वेगळी संस्था आहे, त्यामुळे त्यांची प्रतिज्ञापत्रे तिथे शोधावी लागतात. सापडली नाहीत, तर संबंधित निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे प्रत मागता येते.

एकच प्रतिज्ञापत्र वाचून फार काही कळत नाही. एकाच व्यक्तीची दोन किंवा तीन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून पाहावीत:

- आधीच्या वेळी दाखवलेला एखादा खटला नंतर यादीतून गेला असेल, तर तो निकाली निघाला का?
- मालमत्ता किती वाढली आणि उत्पन्नाचे कोणते स्रोत दाखवले?
- स्वतः, पत्नी किंवा पती यांच्या नावावरील कंपन्या, भागीदारी आणि सरकारी संस्थेशी असलेले करार काय आहेत?
- सरकारी थकबाकी आहे का?

मालमत्ता वाढली म्हणजे भ्रष्टाचार झाला असे नाही. जमिनीचे बाजारभाव वाढल्यानेही आकडा मोठा होतो. वाढीचे स्पष्टीकरण विचारणे मात्र रास्त आहे.

प्रतिज्ञापत्रातील रकाने कोरे ठेवले आणि सूचना देऊनही भरले नाहीत, तर अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराने खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

पक्षांवरही जबाबदारी आहे. १३ फेब्रुवारी २०२० च्या निकालानुसार गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी का दिली, याची कारणे लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत पक्षाने जाहीर करावी लागतात. केवळ 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालत नाही. ही माहिती वर्तमानपत्रात आणि पक्षाच्या सोशल मीडिया खात्यांवरही द्यायची असते.

'गुन्हा दाखल' म्हणजे 'दोषी' नव्हे

सोशल मीडियावर सर्वाधिक गोंधळ या शब्दांचा होतो. क्रम असा असतो:

- गुन्हा दाखल: पोलिसांनी तक्रार नोंदवली. आरोप खरा की खोटा, हे अजून ठरायचे आहे.
- आरोपपत्र: तपास करून पोलिसांनी न्यायालयात पुरावे मांडले.
- आरोप निश्चिती: खटला चालवण्याइतका आधार आहे, असे न्यायालयाला वाटले.
- दोषसिद्धी: पुरावे तपासून न्यायालयाने दोषी ठरवले.
- अपील: वरच्या न्यायालयात दाद मागितली. तिथे शिक्षा किंवा दोषसिद्धी स्थगित होऊ शकते, बदलूही शकते.

यांपैकी खटला आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याच्या क्रमांकाने किंवा पक्षकाराच्या नावाने पाहता येते. पाच वर्षांपूर्वीच्या बातमीवरून आजची स्थिती कळत नाही.

जळगाव घरकुल: पालिकेच्या निर्णयाचा हिशेब १३ वर्षांनी

स्थानिक कारभाराचा हिशेब किती लांबू शकतो, हे जळगाव घरकुल प्रकरणात दिसते. झोपडपट्टीवासीयांसाठी घरे बांधण्याची योजना जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकात हाती घेतली. नगरपालिकेची पुढे महापालिका झाली. योजनेत सुमारे २९ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याची तक्रार फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्तांनी पोलिसांत दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटी रुपये दंड, तर माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. दोषींमध्ये अनेक आजी-माजी नगरसेवक होते. त्यांनी निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली.

तक्रारीपासून निकालापर्यंत १३ वर्षे गेली. या काळात अनेक निवडणुका झाल्या. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत मतदाराला स्वतःच निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्या हातात असतात ते अंदाजपत्रक, लेखापरीक्षण अहवाल, सभेची इतिवृत्ते आणि प्रतिज्ञापत्रे. घरकुलासारख्या योजनेत कोणत्या ठरावाला कुणी हात वर केला, हे सभेच्या इतिवृत्तात असते. लेखापरीक्षकाचे आक्षेपही लेखी असतात. हे दोन्ही कागद माहिती अधिकारात मागता येतात.

पद कशामुळे जाऊ शकते?

खासदार किंवा आमदाराला दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली, तर शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर सहा वर्षे तो अपात्र ठरतो. पूर्वी अपील करून पद टिकवण्याची सवलत होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी 'लिली थॉमस' प्रकरणात रद्द केली. दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाली, तर अपात्रता थांबते.

नगरसेवकांसाठी महापालिका आणि नगरपरिषद कायद्यात अपात्रतेची स्वतंत्र कलमे आहेत. पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण. ग्रामपंचायत सदस्याने सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केले असेल, तर तेही अपात्रतेचे कारण ठरते.

लाच किंवा पदाच्या गैरवापराची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करता येते. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १०६४ आहे. नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली 'लोकसेवक' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आचारसंहितेच्या काळात काय?

आदर्श आचारसंहितेनुसार निवडणूक जाहीर झाल्यानंतर सत्ताधाऱ्यांनी सरकारी खर्चाने वर्तमानपत्रे व इतर माध्यमांत जाहिराती देणे टाळायचे असते. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत अशी तक्रार 'सी-व्हिजिल' ॲपवर फोटो किंवा व्हिडिओसह करता येते आणि १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. स्थानिक निवडणुकांची आचारसंहिता राज्य निवडणूक आयोग लागू करतो, त्यामुळे तिथली तक्रार निवडणूक निर्णय अधिकारी किंवा आयोगाकडे करावी.

पोस्ट टाकण्यापूर्वी

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा आजही गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. त्याच कायद्यात अपवादही आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर प्रामाणिकपणे व्यक्त केलेले मत, यांना संरक्षण आहे. सरकार किंवा स्थानिक संस्थेला संस्था म्हणून बदनामीच्या भरपाईचा दावा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या 'राजगोपाल' प्रकरणात म्हटले आहे. व्यक्ती म्हणून नेता मात्र तक्रार करू शकतो. म्हणून काही साधे नियम पाळावेत:

- कागद आधी, विशेषण नंतर. 'चोर' लिहिण्यापेक्षा देयकाची रक्कम आणि तारीख लिहा.
- खटल्याचा आजचा टप्पा लिहा. निर्दोष सुटका झाली असेल, तर तीही सांगा.
- प्रतिज्ञापत्रातील घराचा पत्ता, फोन, पॅन क्रमांक, कुटुंबीयांचे तपशील झाका. प्रश्न सार्वजनिक कामाचा आहे, घरच्यांचा नाही.
- कापलेला व्हिडिओ किंवा जुना फ्लेक्स आजचा म्हणून फिरवू नका.
- नेत्याचे किंवा पालिकेचे उत्तर आले, तर तेही त्याच पोस्टखाली द्या.
- हाच निकष सगळ्या पक्षांना लावा. आपल्या आवडत्या नेत्याच्या फलकाचा खर्च विचारला नाही, तर बाकीच्यांना विचारलेला प्रश्नही हलका होतो.

थोडक्यात

नेत्याचा फोटो कुठे लागला यापेक्षा त्याचे बिल कुणी भरले, हा प्रश्न महत्त्वाचा. पालिकेने भरले असेल, तर त्या बिलाची प्रत मागण्यासाठी १० रुपयांचा स्टॅम्प आणि १५० शब्दांचा अर्ज पुरतो. आणि नेत्याच्या भूतकाळाबद्दल वाद घालण्याआधी त्याने स्वतः सही करून दिलेले प्रतिज्ञापत्र वाचावे. नेता ते आपले नाही असे म्हणू शकत नाही, म्हणून पहिला प्रश्न तिथूनच विचारावा.